कंठातील ग्रंथी आणि फुप्फुसांतील रक्तदाब

जिना चढताना दम लागतो, छाती धडधडते, संध्याकाळी पावलांवर सूज येते. अशी तक्रार घेऊन रोगी आला म्हणजे प्रथम हृदय आणि फुप्फुसे तपासली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु या दुखण्याचे मूळ कधी कधी छातीत नसून कंठात असते, हे आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

श्वासनलिकेच्या पुढे फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. व्यवहारात आपण तिला थायरॉइड म्हणतो. तिचा स्राव वाढला की मनुष्य पोटभर जेवूनही वाळत जातो, हात थरथरतात, उकाडा सोसवत नाही. डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली अशा स्त्रियांचे वर्णन केले, तेव्हा त्यांचे लक्ष प्रथम वेधले ते हृदयाच्या धडधडीने. गळ्याची सूज त्या धडधडीच्या जोडीला दिसली. हृदयाचा आणि कंठाचा हा संबंध असा जुनाच आहे.

फुप्फुसांतील रक्तदाब मात्र दंडाला पट्टा बांधून कळत नाही. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी तो सरासरी १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. २० च्या वर गेला की तो विकार समजतात. स्राव वाढला की हृदय दर मिनिटाला नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक रक्त ढकलू लागते. शरीरातील इतर रक्तवाहिन्या सैलावून या पुराला वाट देतात; फुप्फुसांतील वाहिन्या तितक्या सैलावत नाहीत. ताण पडतो तो हृदयाच्या उजव्या कप्प्यावर, ज्याची भिंत मुळातच पातळ. शिवाय ग्रेव्ह्जच्या विकारात शरीराची संरक्षक द्रव्ये स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतात. वाहिन्यांच्या अस्तरालाही त्यांची झळ लागत असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. स्राव कमी पडणाऱ्या रोग्यांतही हा दाब कधी कधी वाढलेला आढळतो.

फुप्फुसांच्या वाहिन्यांचा मूळचा विकार हट्टी असतो, त्याची औषधे महाग. ग्रंथीमुळे चढलेला दाब मात्र ग्रंथी आवरली की बहुधा काही महिन्यांत उतरतो. म्हणून ही चूक फार महागात पडते. वृद्धांत ती सहज घडते. त्यांचा गळा सुजत नाही, डोळे बाहेर येत नाहीत, नुसता दम आणि अनियमित नाडी. वय झाले, असे घरचे म्हणतात! ज्याच्या फुप्फुसांतील दाबावर आधीच उपचार चालू आहेत, त्याची प्रकृती एकाएकी ढासळली तरीही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी दंडातले चमचाभर रक्त पुरते.