जांघेची लचक पुन्हा पुन्हा का भरते?

योगाभ्यास करणाऱ्यांना जांघेत लचक भरणे ही नवी गोष्ट नाही. परंतु एकदा बरी वाटलेली लचक दोन-तीन महिन्यांत पुन्हा त्याच जागी भरू लागते, तेव्हा मधल्या काळात दुखणे गेले तरी स्नायूची ताकद परतली नव्हती, असे बहुतेक वेळा आढळते.

मांडीच्या आतल्या बाजूस पाच स्नायूंचा एक गट असतो, ज्याला वैद्यकात ॲडक्टर म्हणतात. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या जघनास्थीपासून निघून हे स्नायू मुख्यतः मांडीच्या हाडाला जोडले जातात आणि फाकलेला पाय जवळ आणणे, तसेच एका पायावर उभे असताना कंबर स्थिर राखणे ही कामे करतात. त्यांपैकी ॲडक्टर लाँगस हा स्नायू सर्वांत अधिक दुखावतो, तोही बहुधा जिथे त्याचा मांसल भाग कंडरेत, म्हणजे हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्टीत, मिसळतो तिथे.

बद्धकोणासनात तळवे जुळवून गुडघे जमिनीकडे नेले जातात; परंतु खुब्याच्या खोबणीची ठेवण प्रत्येकाची वेगळी असल्याने कित्येकांचे गुडघे जमिनीला टेकणारच नसतात, आणि तरीही ते हाताने दाबले किंवा दुसऱ्याने वरून रेटले, तर तो जोर या कंडरांवर येतो. ताण मांडीच्या मध्यभागी पसरलेला जाणवला तर सहसा चिंता नसते. तो जघनास्थीलगत एका बोटाएवढ्या जागेत टोचू लागला, तर तिथेच थांबावे. उपविष्टकोणासन आणि हनुमानासन यांनाही हाच नियम लागू पडतो.

दुखऱ्या जागी आखडलेपणा जाणवतो म्हणून साधक ती आणखी ताणतो, आणि हीच सर्वांत महाग पडणारी चूक होय, कारण भरून येणाऱ्या ऊतींना ओढ सोसण्याइतके बळ आलेले नसते. डेन्मार्कमधील पेर होल्मिश आणि सहकाऱ्यांनी जांघेच्या जुनाट दुखण्याने त्रस्त ६८ खेळाडूंवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ८ ते १२ आठवडे स्नायूंना बळ देणारे व्यायाम केलेल्या गटातील २३ जण वेदनामुक्त झाले, तर ताण, मालीश, लेसर असे उपचार घेतलेल्या गटातील केवळ ४. हे खेळाडू होते, योगसाधक नव्हेत, हे खरे. तरी स्नायू तोच असल्याने त्यातील धडा साधकांनी गांभीर्याने घ्यायला हवा.

पहिले काही दिवस पाय फाकवणारी आसने बंद ठेवावीत. चालताना दुखेनासे झाले की उताणे झोपून, गुडघे वाकवून, त्यांच्यामध्ये चेंडू किंवा घट्ट उशी धरावी आणि सोसेल इतक्याच जोराने काही सेकंद दाबून सोडावी; पुढे हा जोर आणि कालावधी आठवड्यागणिक वाढवावा, आणि दुखऱ्या बाजूची ताकद दुसऱ्या बाजूइतकी होईपर्यंत खोल आसनांकडे वळू नये. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे आणि विटा यांच्या आधाराने आसने करण्याची जी पद्धत रुजवली, ती या टप्प्यावर फार उपयोगी पडते: सुप्तबद्धकोणासनात दोन्ही मांड्यांखाली घडी केलेली घोंगडी ठेवली, की पायांचे वजन कंडरांवर लोंबत नाही.

मात्र जांघेतील प्रत्येक दुखणे स्नायूचेच असते असे नाही. खोकताना फुगवटा येणे हे हर्नियाचे, तर मांडी पोटाकडे घेताना खोलवर अडकल्यासारखे होणे हे खुब्याच्या विकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी, तसेच रात्री ठणका लागत असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर आसने थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.