हॉस्टेलचा नकाशा : कोणाच्या वाटेवर कोणाचं दार?

मागच्या भागात आपण छावणीतल्या पाण्याच्या व्यवस्थेबद्दल बोललो. आजचा विषय माझ्या पुतणीमुळे निघाला. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या सत्रात त्यांना काम मिळालंय 200 विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलचं. दिवाळीत ती आमच्याकडे बडोद्याला आली तेव्हा शीटची लांबलचक नळकांडी घेऊनच आली. जेवणं झाल्यावर सतरंजीवर शीट पसरली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एमईएसमध्ये होतात ना, मग सांगा कसं झालंय."

एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस. सैन्याची घरं, बॅरक, रुग्णालयं, पाणी, वीज हे सगळं तिथे बघितलं जातं. मी आर्किटेक्ट नाही, हे आधीच सांगतो. पण दुसऱ्यांनी काढलेले नकाशे बांधून घेण्यात आणि मग त्या इमारतींच्या तक्रारी ऐकण्यात माझी बरीच वर्षं गेली.

शीट देखणी होती. दर्शनी भाग तर फारच छान; खिडक्यांच्या पट्ट्या कुठे पुढे, कुठे मागे, सावल्या सुंदर रंगवलेल्या. प्लॅन मात्र आपण सगळ्यांनी पाहिलाय तोच. मध्ये लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, दोन टोकांना जिने आणि न्हाणीघरं. मी विचारलं, "ओले कपडे कुठे वाळत घालायचे?" ती म्हणाली, "लाँड्री दाखवलीय ना तळमजल्यावर." मी म्हटलं, "बरं. आणि या टोकाच्या खोलीतल्या मुलीला रात्री ताप आला, तर ते कोणाला कळणार?"

ती गप्प झाली. हा प्रश्न मला का सुचला, ते सांगतो. त्यात फुशारकीचं काही नाही, कबुलीच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्टेशनवर प्रशिक्षणाला येणाऱ्या तरुण जवानांसाठी आम्ही नवी इमारत बांधली. स्टेशनचं नाव नको. जुन्या बॅरकमध्ये वीस-वीस खाटा एका रांगेत असायच्या. नव्या इमारतीत दोघांना एक खोली, दार लावून घ्यायची सोय. पोरं खूश होती. मूळ नकाशात खोल्यांच्या पुढे रुंद व्हरांडा होता आणि दर मजल्यावर मधोमध बसायची जागा. अंदाजपत्रक वर गेलं. कुठेतरी कापायचं होतं. ती जागा आणि व्हरांडा मी खोडला, दोन्ही बाजूंच्या खोल्या समोरासमोर आणल्या आणि मध्ये कॉरिडॉर ठेवला. पैसे वाचले, शाबासकीही मिळाली.

पहिल्याच पावसाळ्यात ओले युनिफॉर्म खोल्यांत दोऱ्यांवर लटकायला लागले आणि भिंतींना बुरशी धरली. तेही चाललं असतं. पण एका शनिवारी रात्रीच्या रोल कॉलनंतर शेवटच्या खोलीतला एक पोरगा अंगात कणकण आहे म्हणून झोपला. खोलीतला दुसरा सुट्टीवर होता. रविवारी सकाळी मेसला आला नाही, तेव्हा सगळ्यांना वाटलं गावात गेला असेल. संध्याकाळच्या रोल कॉलला नाव पुकारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा दार ठोठावलं. मलेरिया होता, अर्धवट शुद्धीत होता. मिलिटरी हॉस्पिटलने वाचवला, महिन्याभरात कामावरही आला. पण सुभेदार साहेब मला म्हणाले, "साहब, पुरानी बॅरक में दस मिनट में पता चल जाता." ते रागाने बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

आता याचा अर्थ बॅरक चांगली आणि खोली वाईट असा नाही. अठरा वर्षांच्या मुलाला दार लावून रडता आलं पाहिजे, अभ्यास करता आला पाहिजे. प्रश्न खोलीचा नाही. खोलीचं दार आणि रस्ता यांच्यामध्ये काय आहे, त्याचा आहे. रोज कोण कोणाच्या दारावरून जातं? हे नकाशा ठरवतो, वॉर्डन नाही.

पुतणीला मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायला बसवलं. तुम्हीही करा, कठीण नाही. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये शिक्षणसंस्थेच्या हॉस्टेलमधल्या एकट्याच्या खोलीला किमान 7.5 चौरस मीटर सांगितलेत. म्हणजे समजा अडीच मीटर रुंद, तीन मीटर खोल. त्यात खाट, टेबल, खुर्ची आणि कपाट बसतं. दार उघडताना खाटेला लागत नाही ना एवढं बघायचं. आता 200 मुलं, चार मजले, म्हणजे मजल्यावर 50. कॉरिडॉरच्या एकेका बाजूला 25 खोल्या, गुणिले अडीच, म्हणजे साडेबासष्ट मीटर लांबी. दोन मीटर रुंदी धरली तर मजल्यावर 125 चौरस मीटर नुसता कॉरिडॉर. 50 जणांत वाटला तर प्रत्येकी अडीच चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक मुलाच्या खोलीच्या एक-तृतीयांश एवढी जागा आपण एका अंधाऱ्या बोगद्यात घालतो. तिथे दिवसाही ट्यूबलाइट लागते आणि तिथे थांबावंसं कोणालाच वाटत नाही.

तीच जागा गोळा करून बघा. बारा खोल्यांचा एक गट केला, तर बारा गुणिले अडीच म्हणजे 30 चौरस मीटर हातात येतात. जिन्याला बारा-तेरा गेले तरी सतराच्या आसपास उरतात. त्यात एक मोठी खिडकी, एक बाकडं, चहाची किटली. बांधकाम तेवढंच, पण आता बाराच्या बारा जण दिवसातून चार वेळा त्याच जागेतून जाणार.

ही युक्ती माझी नाही. अहमदाबादला आयआयएममध्ये लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदाने ती साठच्या दशकातच करून दाखवली. निवृत्तीच्या आधी सैन्याधिकाऱ्यांच्या एका अभ्यासक्रमासाठी मी तिथे काही महिने होतो. आमची राहायची सोय नव्या भागात होती, पण संध्याकाळी रस्त्याखालच्या भुयारी वाटेने जुन्या भागात फिरायला जायचो. तिथे अठरा वसतिगृहं आहेत, उघड्या विटांची, मोठाल्या गोल आणि कमानदार झरोक्यांची. फोटोत सगळे ते झरोकेच बघतात. मी सवयीने जिना शोधायला गेलो. कानने वरच्या मजल्यांवर दहा-दहा खोल्यांचे गट केलेत, आणि त्यांच्यामध्ये जिना आणि चहाची बैठक. कॉरिडॉर नाहीच. शिवाय जिना, न्हाणीघर आणि बैठक अशा बाजूला ठेवलीत की ऊन आणि झळा आधी ती झेलतात, खोल्यांपर्यंत सावली आणि वारा पोचतो. अहमदाबादचा मे महिना ज्याने काढलाय त्याला याची किंमत कळेल. बैठकीत बसलेली मुलं मला बघून उठायला लागली की मी म्हणायचो, बसा बसा, मी जिना बघायला आलोय. त्यांना मी जरा विचित्रच वाटलो असणार.

कानला तिथे आणण्यात बाळकृष्ण दोशींचा मोठा वाटा. दोशी जन्माने पुण्याचे. 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना कान न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर गेले. पुढचं बरंचसं काम अनंत राजे यांनी केलं, तेही मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले.

पण देवळासारखं हात जोडून परत यायचं नाही. त्या इमारतींना त्रास आहे. विटा झिजल्यात, पाणी झिरपतं, आतल्या लोखंडाला गंज धरला, 2001 च्या भूकंपाचे तडेही आहेत. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडून नवी बांधायचं ठरवलं, जगभरातून ओरड झाली, 1 जानेवारी 2021 ला निर्णय मागे घेतला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाडण्याकडे कल झाला. मुंबईच्या एका नामवंत संस्थेने त्यातलं एक वसतिगृह दुरुस्त करूनही दाखवलं होतं. मला विचाराल तर मी दुरुस्तीच्या बाजूचा. पण गळणाऱ्या छताखाली ज्याला झोपायचंय त्याचंही ऐकलं पाहिजे. मी अशा छतांखाली झोपलोय. विद्यार्थ्यांनी यातून एक घ्यावं : विटेच्या आत लोखंड घालताना पन्नास वर्षांनी तिथे कोण, कसा पोचणार, हे सेक्शनमध्ये दाखवा.

दुसरं टोकही सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथे चार्ली मंगर या अब्जाधीशाने स्वतः आराखडा सुचवून देणगी देऊ केली होती. एकाच इमारतीत सुमारे 4,500 मुलं, आणि बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही. कारण काय, तर खोलीत करमलं नाही की मुलं बाहेर येऊन एकमेकांत मिसळतील. 2021 मध्ये एका सल्लागार वास्तुविशारदाने याच कारणावरून राजीनामा दिला आणि पुढे विद्यापीठाने तो आराखडा सोडला. मुलं एकत्र यावीत ही इच्छा मंगरचीही होती आणि कानचीही. पण एकाने खोली नकोशी केली, दुसऱ्याने वाट हवीशी केली.

वाटेचं हेच तत्त्व अख्ख्या कॅम्पसला लागू होतं. आयआयटी कानपूर बघा. आराखडा अच्युत कानविंदे यांचा, मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे. त्यांनी इमारती एकमेकींना छत असलेल्या वाटांनी जोडल्या, वरच्या मजल्यावरूनसुद्धा. कानपूरचा उन्हाळा आणि पाऊस दोन्ही डोक्यावर न घेता मुलगा वर्गातून ग्रंथालयात पोचतो, आणि वाटेत चार ओळखीचे भेटतात. दोशींनी आयआयएम बंगळूरमध्ये दगडी मार्गिका केल्या, कुठे छत, कुठे नुसत्या तुळया आणि वेली; तिथली हवा तशी सौम्य, म्हणून ते चालतं. तेच उचलून कोकणात नेलं तर जूनमध्ये सगळे भिजतील. तिरुवनंतपुरमला लॉरी बेकरांनी सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये विटांच्या जाळ्या केल्या, दमट हवेत वारा खेळता राहावा म्हणून. प्रत्येकाने आधी हवा बघितली आणि मग नकाशा काढला.

तर पुतणीने नकाशा बदलला. चार घरं केली. प्रत्येक घराला चार मजले, मजल्यावर बारा खोल्या, म्हणजे 48. चार घरं मिळून 192. उरलेल्या आठ तिने तळमजल्यावर घराला दोन अशा वाटल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी मोठ्या आकाराच्या. तिला म्हटलं, छान, पण आग लागली तर? एका घराला एकच जिना. कानच्या काळात चाललं असेल, आज अग्निशमनवाले सोडणार नाहीत. दोन दिवस तिने डोकं खाजवलं. मग शेजारच्या घरांच्या बैठकी प्रत्येक मजल्यावर उघड्या गच्चीने जोडल्या. त्यामुळे कुठूनही खाली उतरायला दोन वाटा झाल्या. आणि त्या गच्चीवर तिने कपड्यांच्या दोऱ्या काढल्या! दोऱ्या काढलेला प्लॅन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

ज्युरीत मात्र तिची चांगलीच उलटतपासणी झाली. दोनाऐवजी चार जिने, पाण्याच्या पाइपांच्या चार रांगा, बाहेरच्या भिंती जास्त. खर्च वाढणार, आणि तो वाढतोच. दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं, मुलींचं हॉस्टेल असलं तर वॉर्डन चार दारांवर नजर कशी ठेवणार? तिने चारही दारं एका चौकात उघडली होती आणि चौकाला एकच फाटक, त्यामुळे तिथे निभावलं. खर्चाचं उत्तर तिला नीट देता आलं नाही. संध्याकाळी फोनवर रडवेली होती. मी म्हटलं, गच्च्या कोणी खोडायला लागलं तर त्याला आधी माझ्याकडे पाठव.

आता सत्र संपायला महिना आहे. ती सध्या एका जुन्या हॉस्टेलच्या जिन्यावर सकाळी सहा ते नऊ वही घेऊन बसते आणि किती बादल्या वर जातात, कोण कोणाशी कुठे थांबून बोलतं, टोकाच्या खोलीवरून किती जण गेले, ते लिहून घेते. कालपर्यंतची तिची नोंद अशी : टोकाच्या खोलीवरून तीन तासांत फक्त झाडूवाल्या मावशी गेल्या.

पुढच्या भागात मेस आणि स्वयंपाकघर. जय हिंद.