शरणपूरहून आलेलं ताट

25 डिसेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्याकडे एक ताट येतं. वर क्रोशाचा रुमाल असतो. ताट शरणपूरच्या मावशींचं. मावशी नात्याने कुणी लागत नाहीत, पण मला कळायला लागल्यापासून त्या मावशीच. रुमाल उचलला की चार करंज्या, मूठभर शंकरपाळे, दोन चकल्या. आणि कडेला, चुकून दुसऱ्याच पंगतीत येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा काळसर केकचा जाड तुकडा. गेल्या वर्षी माझ्या भाचीने ते ताट पाहिलं आणि विचारलं, “मामा, यांची दिवाळी उशिरा असते का?”

आम्ही हसलो. पण नंतर त्या ताटाकडे पाहत बसलो आणि हळूहळू हसू ओसरलं. यातलं आपलं काय आणि परकं काय? पाहू लागलं की ताट हातातून निसटायला लागतं.

नावापासूनच बघा. हिंदीवाले ‘बडा दिन’ म्हणतात, आपण म्हणतो ‘नाताळ’. हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. पाव, बटाटा, पगार ज्या गलबतांतून उतरले, त्याच गलबतांतून तोही उतरला. पोर्तुगीजांना तो लॅटिनमधून मिळाला. ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा. 1497च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून जात होता त्याला त्याने ‘नाताल’ म्हटलं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या त्या प्रांताला हेच नाव चिकटलं. गांधीजींनी ज्या नाताळात वकिली केली ते हेच. पण खरी मौज आणखी खोल आहे. लॅटिन ‘नातुस’चं जुनं रूप ‘ग्नातुस’, आणि ते निघतं ज्या मुळापासून, त्याच मुळापासून संस्कृतातला ‘जात’ निघतो, ‘जन्म’ही. म्हणजे काही हजार वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन भाऊ एक युरोप फिरून, एक गंगा-गोदावरी पाहून, मराठीत पुन्हा शेजारी येऊन बसले: नाताळ आणि जन्म. एकमेकांना ओळखत नाहीत, इतकंच.

शंकरपाळ्यांचीही तीच गत. त्यांचा भगवान शंकराशी काही संबंध नाही. फारसीत ‘शकर-पारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. आपण त्याला देवाचं नाव देऊन टाकलं.

आता करंजी. गोव्यात हिला नेवरी म्हणतात. तिथल्या हिंदू घरांत ती गणेशचतुर्थीला होते आणि ख्रिस्ती घरांत नाताळला. सण वेगळा, सारण जवळजवळ तेच. मावशींची करंजी साट्याची असते. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लाटलेल्या पोळ्यांवर फासायचा, पोळ्या एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, तुकडे कापून पुन्हा लाटायचं. तेलात पडल्यावर काय होतं? पिठातल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याचा थेंब वाफ झाला की त्याला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती वाफ बाहेर पडायला धडपडते, तूप पोळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही, आणि पदर न् पदर सुटा होतो. इराण्याच्या हॉटेलातली खारी चहात बुडवताना पुन्हा एकदा नीट बघा. तोच खेळ, फक्त भट्टीत. करंजी आणि खारी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत.

ताट बाजूला ठेवून जरा शरणपूरकडे जाऊ. आज शरणपूर रोड म्हटलं की बँका, दुकानं आणि पार्किंगची मारामारी आठवते. पण नाव बघा: शरण आलेल्यांचं पूर. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या बाहेर ही वस्ती वसवली. इथे मराठी ख्रिस्ती कुटुंबं राहिली, आणि त्यांच्या जोडीला कोण? आफ्रिकन मुलं! अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून इंग्रजी आरमार त्यातल्या लोकांना मुंबईला आणत असे. त्यातली काही मुलं या वस्तीत वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. 1873 साली आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचा देह खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर चालणाऱ्यांत शरणपूरची मुलं होती. त्यांना म्हणतच ‘नासिक बॉइज’. त्यांच्यातल्या जेकब वेनराइटने तिथल्या एका झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना वाचली, त्याच झाडाच्या खोडावर लेख कोरला, आणि 1874च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत तो उभा होता. आमच्या नाशिकचा मुलगा! सिग्नलला थांबलो की मला कधीकधी हे आठवतं आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

डिसेंबरच्या रात्री या भागात चर्चमधली तरुण मंडळी घरोघरी गाणी म्हणत फिरतात. कॅरल म्हणतात त्याला. ‘कॅरल’ हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ होता फेर धरून, गोल फिरत म्हणायचं गाणं. काय आठवलं? भोंडला! आणि शेवटी घरची बाई काहीतरी गोडधोड हातावर ठेवते, तीही खिरापतच की. फक्त ओळखायला लावत नाहीत.

या गाण्यांत ‘जिंगल बेल्स’ असतंच. 1857चं हे अमेरिकन गाणं घसरगाडीच्या सफरीचं आहे. त्यात नाताळाचा उल्लेख एकदाही येत नाही. बर्फाची घसरगाडी नाशिकच्या मुलांनी कुठे पाहावी? निफाडला थंडी पडते ती अशी की बागायतदार रात्री द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात. पण बर्फ म्हणजे आमच्याकडे उसाच्या रसातला.

‘सायलेंट नाइट’ची गोष्ट वेगळी. 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात, नाताळच्या आदल्या रात्री, योझेफ मोर या पाद्र्याचे शब्द आणि फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाची चाल गिटारच्या साथीवर पहिल्यांदा ऐकू आली. आपल्या ढोलकीवाल्याला हे गाणं ऐकवा. तो दोन ओळींत दादरा धरेल. सहा मात्रांचा तो झोका इथेही तसाच आहे, कारण दोन्हीकडे मुळात पाळणाच हलतोय.

मग मराठीत भाषांतर केलं की झालं? इथेच गोची होते. इंग्रजी गाणं जोर दिलेल्या आणि न दिलेल्या अक्षरांवर चालतं. चालीचा ठोका नेमका महत्त्वाच्या शब्दावर आदळतो. मराठीत तसा जोर नाही. त्यामुळे शब्दशः भाषांतर करून तीच चाल लावली की सगळ्यात उंच, सगळ्यात लांब सूर पडतो ‘च्या’वर. नाहीतर ‘ला’वर. भक्तिभावाने ‘च्याऽऽऽ’ आळवणारा गायकवृंद ज्याने ऐकला असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

यावर उपाय चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाला सुचला होता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि 1616 साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! लिपी रोमन, भाषा मराठी, छंद आपल्या पोथ्यांचा. म्हणजे तुकोबा लहान असताना बेथलेहेमची गोष्ट ओवीत येऊनही गेली होती.

दुसरा माणूस आमच्या जवळचा. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांनी प्रभूला वारकऱ्यासारखी हाक मारली, माउली म्हणून. त्यांची पदं ‘उपासना संगीत’मधून मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. त्यांनी काय केलं असेल ते समजायला अभंगाचा सांगाडा बघू. उदाहरणाला ओळी मीच जुळवल्यात, कविता म्हणून त्यांच्याकडे बघू नका:

गव्हाणीत बाळ
दावणीला गाय
ऊब देत माय
जागतसे

बोटांवर मोजा. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. बस्स, एवढाच नियम! ठोका कुठे पडावा याची सक्ती नाही, कुठलंही अक्षर ताणावं, कुठलंही आखडावं. म्हणून एकच अभंग काकड्याला एका चालीत आणि हरिपाठानंतर दुसऱ्या चालीत म्हणता येतो. जिथे इंग्रजी गाणं शिवून घेतलेला कोट आहे, तिथे अभंग म्हणजे धोतर. कुठल्याही अंगाला बसतं, नेसता आलं पाहिजे. टिळकांनी कोट आणून तो उसवत बसण्यापेक्षा सरळ धोतर नेसवलं.

आणि तो ‘गव्हाण’ शब्द! शहरातल्या इंग्रज मुलाला त्यांचा शब्द बहुधा समजावून सांगावा लागत असेल. दिंडोरी-सिन्नरच्या मुलाने गुरांच्या चाऱ्याची गव्हाण रोज पाहिलेली असते. येशूबाळ तिथे निजवलं म्हटल्यावर कडब्याचा वास त्याला आपोआप येतो.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं आणि 1919 साली ते गेले. थोडेच अध्याय झाले होते. उरलेलं बहुतेक कुणी पूर्ण केलं? कधी शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ सगळे वाचतात. हे मात्र फार थोड्यांना आठवतं.

भजनाची पेटी निघाली की आणखी एक फेरी पूर्ण होते. हार्मोनियमचं पेटंट 1842चं, पॅरिसमधल्या अलेक्सांद्र दबँचं. मूळ वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवायचं. आपण बसतो जमिनीवर, मांडी घालून. पाय अडकलेले, मग भाता कोण मारणार? पण आपल्या गाण्यात सूर एकामागून एक येतात, युरोपियन संगीतासारखे थरावर थर रचायचे नसतात. सगळं उजव्या हातावर भागतं. म्हणजे डावा हात रिकामाच! 1875च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे हलवून त्या हाताला काम दिलं. आज देवळातल्या भजनात युरोपची पेटी आणि चर्चमधल्या प्रार्थनेत देहू-आळंदीचा छंद, आणि दोन्हीकडे कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

आता केक. मघापासून तो वाट बघतोय.

याला प्लम केक म्हणतात आणि यात प्लम नसतं. पूर्वीच्या इंग्रजीत ‘प्लम’ म्हणजे वाळवलेलं द्राक्ष, मनुका-बेदाणे. आणि बेदाणे म्हटल्यावर नाशिककराने कान टवकारलेच पाहिजेत. (बेदाण्याचा मोठा बाजार सांगली-तासगावचा, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो, आमची द्राक्षं बहुतेक घडाघडानेच खाल्ली जातात.) शब्द पुन्हा फारसी: ‘बे-दाना’, दाणा नसलेला. मग बी नसलेल्या फळाची झाडं येतात कुठून? काडी कापून, कलम करून. आपल्याकडची थॉम्पसन सीडलेस ही जात मुळात इराण-अफगाणिस्तानकडची किशमिश. गेल्या शतकाच्या आधीच ती कॅलिफोर्नियात पोहोचली आणि तिथल्या थॉम्पसन नावाच्या बागायतदाराचं नाव घेऊन जगभर फिरली. जगातली प्रत्येक थॉम्पसनची वेल ही दुसऱ्या वेलीची काडी, ती तिसरीची. मागे जात राहिलात तर कुठल्या तरी एका वेलीपाशी थांबाल, जिच्या फळात बी धरायला सुरुवात झाली आणि अर्ध्यातच राहिली. आपण सगळे तिचीच फळं खातोय.

द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पातळ थर असतो. तो पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून नुसती उन्हात टाकलेली द्राक्षं लवकर वाळत नाहीत. मग घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. मेणाच्या थराला बारीक वाटा पडतात आणि सावलीतल्या जाळ्यांवर पाणी उडायला लागतं. चार किलो द्राक्षांचे एक किलो बेदाणे. हे चालतं फाल्गुन-चैत्रात. म्हणजे नाताळच्या केकमधला बेदाणा होळीच्या आसपास जन्मलेला! आणि तुम्ही केक खात असता तेव्हा पुढच्या हंगामाचे मणी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलीवर हिरवेगार, कडक लटकत असतात. मण्यांत अजून पाणी उतरायचं असतं.

मावशींच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात गोदावरीची वाळू पसरायची, त्यावर केकचा डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. केकचा काळा रंग मात्र भट्टीचा नव्हे, जाळलेल्या साखरेचा. साखर कढईत वितळते, सोनेरी होते, तपकिरी होते, आणि मग काही क्षणांचा खेळ. आधी थांबलात तर नुसतं गोड, नंतर थांबलात तर कडू. “धूर दिसायच्या आत पाणी ओत, आणि तोंड बाजूला कर,” ही मावशींची सगळी पाककृती. वजन-माप विचारलं तर “वाटीने” म्हणतात. कुठली वाटी ते सांगत नाहीत.

भाचीला यातलं निम्मं सांगितलं. निम्म्यात ती करंजी संपवून मोकळी झाली आणि म्हणाली, “पण ही तर आजीच्याच करंजीसारखी लागते.”

मीही मग आईला विचारलं, तू साट्याची करंजी शिकलीस कुणाकडून? आईच्या माहेरी कधी साटा लावत नसत, हे मला माहीत होतं. आई ताट घासत होती. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, त्यामुळे ते संक्रांतीपर्यंत मांडणीवरच राहणार होतं, तिळगूळ होईस्तोवर.

“कुणाकडून म्हणजे?” ती म्हणाली. “मावशींकडूनच. तू पोटात होतास त्या नाताळात.”