पट मांडला! (लेखांक ७) : पंच बसला की खेळ उभा राहतो

मागच्या दोन लेखांत आपण पटावरच्या खेळांची दोन टोकं पाहिली. ज्ञानबाजीच्या ८४ घरांच्या जैन पटावर सगळा कारभार दानाचा. शिडी लागली तर चढायचं, सापानं गिळलं तर उतरायचं. खेळणाऱ्याला हात हलवण्यापलीकडे काम नाही. बुद्धिबळात नेमकं उलटं. तिथे नशिबाला शिरकाव नाही, सगळं डोळ्यांसमोर असतं आणि हरलो तर दोष आपलाच. आज ज्या खेळांकडे वळायचंय, त्यांत फासाही आहे आणि डोकंही. पण त्यांची खरी गंमत तिसऱ्याच गोष्टीत आहे : टेबलाशी बसलेला असा एक माणूस, जो जिंकायला बसलेलाच नसतो.

आधी सोपी बाजू. मिनिएचर वॉरगेम म्हणजे छोट्या सैनिकांची लढाई. बहुधा २८ मिलिमीटर मापाचे, हातानं रंगवलेले सैनिक. टेबलावर उभी केलेली टेकडी, ओढा, गाव. आणि अंतर मोजायला टेप. पटाला घरं नसतात. पायदळ एका डावात सहा इंच, घोडदळ बारा, असा काहीतरी हिशेब. मराठी घराला यातलं निम्मं सामान ओळखीचं आहे. दिवाळीत गोणपाटावर माती थापून, अळीव पेरून, पायथ्याच्या गुहेत वाघ बसवून आपण किल्ला करतो, त्यावर मावळे असतातच. बडोद्यातल्या मराठी घरांतही ही हौस आहे. फक्त तो किल्ला बघायचा असतो. मावळा जिथे रोवला तिथेच भाऊबीजेपर्यंत उभा. त्याला हलवायचं, तर तो एका डावात किती चालेल, तटाआड लपलेल्यावर गोळी झाडली तर लागेल का, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

ते ठरवण्याची पद्धत प्रशियात रुजली. राइसविट्झ नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं १८१२ मध्ये राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला एक टेबल करून दिलं. त्यावर प्लास्टरचे तुकडे जुळवून हवा तसा मुलूख मांडता यायचा. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी. त्यानं १८२४ मध्ये खेळ नकाशावर आणला. प्रमाण १:८०००, एक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. दोन्ही बाजूंचे सेनापती आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे देत. पंच फासे टाकून नुकसान काढी आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच नकाशावर ठेवी. टेकडीपलीकडची पलटण तुम्हाला दिसत नाही. निरोप घेऊन गेलेला स्वार वेळेवर पोचेलच असं नाही. लढाईतलं अज्ञान या खेळात आलं ते पंचामुळे. पुढे नियम इतके वाढले की अधिकारी कंटाळले, आणि १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन सेनानीनं सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या.

पंच नसला की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानं १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून ही हौस घरातल्या जमिनीवर आणली. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं समोरचे सैनिक खरोखर पाडायचे, म्हणजे वादाला जागाच नको. १९८३ मध्ये आलेला ‘वॉरहॅमर’ आजही बहुतेक दोघंच खेळतात. तिथे पंचाचं काम नियमांच्या पुस्तकाला करावं लागतं, म्हणून ते पुस्तक जाडजूड असतं.

खेळाला वेगळं वळण मिळालं ते अमेरिकेत मिनेसोटात. १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली यानं नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली, पण सैन्यं येण्याआधी ब्राउनस्टाइन या कल्पित गावातली माणसं मित्रांना वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाई राहिली बाजूला. मंडळी आपापसांत कारस्थानं करू लागली, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारलं. त्याचे नियम वेस्लीकडे नव्हते, ते त्यानं तिथल्या तिथे केले. खेळ फसला असं त्याला वाटलं, मित्र मात्र पुन्हा कधी म्हणून विचारू लागले. त्यांतल्या डेव्ह आर्नेसननं ही कल्पना भुयारं आणि राक्षसांच्या जगात नेली. विस्कॉन्सिनच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्यानं केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जानेवारी १९७४ मध्ये बाजारात आला. पहिली छपाई हजार प्रतींची. पलटणीच्या जागी एकेक माणूस आला, आणि पंच झाला गेम मास्टर.

आता बडोद्याकडे येऊ. शहरापासून तीसेक किलोमीटरवर डभोई. तिथे १ एप्रिल १७३१ रोजी मराठेच मराठ्यांशी लढले : एका बाजूला पेशवा बाजीराव, दुसऱ्या बाजूला सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि त्यांच्यासोबत पिलाजीराव गायकवाड. ऐन लढाईत त्रिंबकरावांना गोळी लागली, ते पडले आणि दाभाड्यांची फौज मोडली. ही लढाई टेबलावर मांडायची तर पहिला प्रश्न तलवारींचा नाही, धीराचा आहे. बऱ्याच वॉरगेममध्ये धीराची वेगळी परीक्षा असते. समजा नियम असा : दोन फासे टाका, बेरीज सात किंवा कमी आली तर पथक टिकलं. ३६ पैकी २१ दानं अनुकूल, म्हणजे ५८ टक्के. सरदार पडला की हीच मर्यादा पाचावर आणा. आता अनुकूल दानं उरली १०, म्हणजे २८ टक्के. एका गोळीनं लढाई कशी फिरते, हे दोन आकड्यांत कळतं. आणि गोळी हुकली असती तर? तोच डाव पुन्हा मांडून बघता येतो. इतिहासाच्या पुस्तकाला ते जमत नाही.

छाणीत आमची शनिवारची बैठक जमते, तिथे याच डभोईवर भूमिकांचा खेळ रंगला होता. जकातनाक्याजवळचा फ्लॅट, खाली वाहनांचा गोंगाट. खेळायला फर्टिलायझरनगरमधला एक इंजिनिअर, सयाजीराव विद्यापीठातल्या दोन मुली आणि शेजारचा गुजराती दोस्त. पंच होती एका मैत्रिणीची मोठी बहीण, म्हणून सगळ्यांचीच ताई. मोहीम कल्पित : लढाईच्या आदल्या रात्री गावात शिरून एक पत्र पोचवायचं.

‘दुसरा प्रहर. हिरा भागोळ बंद आहे. आत दोन पहारेकरी, एकाच्या हातात मशाल. काय करतोस?’

‘गाडी पुढे घेतो. सांगतो, सरदारांच्या मुदपाकखान्यात तूप पोचवायचंय.’

‘एवढ्या रात्री?’

‘अगं ताई, सकाळी जेवणावळ आहे ना!’

‘थाप बरी आहे. पण मघाशी गाडीत काय भरलं म्हणालास?’

क्षणभर शांतता. मग मुलींपैकी एक फिसकन हसली. ‘गवत.’

‘मग गवताखाली तुपाचे डबे आहेत असं पटवावं लागेल. पंधरा हवेत.’

हा हिशेब समजून घेऊ. या खेळात वीस बाजूंचा फासा असतो. गाडीवाल्याच्या कागदावर बोलघेवडेपणाचे तीन गुण होते, म्हणजे फाशावर बारा किंवा जास्त हवेत. वीसपैकी नऊ दानं, ४५ टक्के. तेवढ्यात गुजराती दोस्ताचं पात्र पुढे झालं : पहारेकऱ्याच्या गावचाच मी, काका कसे आहेत तुमचे? ताईनं मान डोलावली आणि दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत दिली. त्यासरशी शक्यता ७० टक्क्यांवर गेली. फासे पडले नऊ आणि सोळा. दरवाजा उघडला.

यात ताईनं केलेल्या गोष्टी बघा. थाप मोडून काढली नाही, तिची किंमत लावली. आधी बोललेलं लक्षात ठेवलं. दुसऱ्याच्या चांगल्या सूचनेला फाशात जागा दिली. आणि दान चुकलं असतं तरी ‘दरवाजा बंदच, संपलं’ असं तिनं म्हटलं नसतं. ते तिनं नंतर सांगितलं. पहारेकऱ्यानं गाडी आत घेतली असती आणि गाडीवानाला बाहेर बसवलं असतं. अपयशातून गोष्ट पुढे सरकली पाहिजे, अडली नाही पाहिजे. कोकणातले दशावतारी कथानक ठरवून रंगमंचावर उतरतात आणि संवाद तिथेच रचतात. इथेही तसंच, फक्त समोरच्याच्या बोलण्याबरोबर फाशालाही उत्तर द्यावं लागतं.

पंच निःपक्षपाती हवा, हे खरं. पण कोरडा नको. खेळाडूंनी अडचणीत सापडावं असं त्याला वाटलं पाहिजे आणि त्यातून सुटावं असंही. राक्षसाचे डाव तोच टाकतो, तरी राक्षस जिंकला म्हणून तो जिंकत नाही. मित्रांच्या टोळक्यात असा एक माणूस बहुधा असतोच : सहलीत सगळ्यांची तिकिटं ज्याच्याकडे असतात, तो. त्याला बसवा.

सुरुवातीला महागड्या पुस्तकांची आणि रंगवलेल्या सैनिकांची गरज नाही. सोंगट्या, बटणं, पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या चालतात. वीस बाजूंचा फासा ऑनलाइन मिळतो, मोबाइलवर फुकट असतो. विषय आपल्या आसपासचा घ्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्येही राक्षस नावाचं एक पात्र आहे, वाघाच्या तोंडाचं आणि उलट्या तळव्यांचं, ते आपल्या पुराणांना ओळखू येणार नाही. २०२२ मध्ये त्यांच्याच एका संग्रहात मिमी मंडल या भारतीय लेखिकेनं बंगालच्या मातीतलं साहस लिहिलं, तेव्हा फरक दिसला. डभोईची वेस, पावागडची चढण, नर्मदेचा काठ आपल्याला ठाऊक आहे. पंचाला जो मुलूख पायाखालचा असतो, तिथे खेळाडूनं काहीही विचारलं तरी उत्तर सापडतं.

एक पथ्य मात्र पाळा. वाद झाला तर पुस्तक उघडू नका. पंचानं निकाल द्यावा, खेळ पुढे न्यावा आणि नियम नंतर चहाबरोबर तपासावा. चूक निघाली तर पुढच्या वेळेपासून सुधारायची. नियम शोधण्यात गेलेली दहा मिनिटं कुणालाच परत मिळत नाहीत.

पुढच्या आठवड्यात : पात्र कसं लिहायचं. गुण किती द्यायचे, आणि एक खोड ठेवलीच पाहिजे ती का.