दोन्ही फौजांना हवा असलेला तांडा

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीला देशभरातले बंजारा लोटतात. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची समाधी इथे आहे, आणि २०२४ साली नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही इथे खुलं झालं. यात्रेला येणाऱ्या या लोकांचे पूर्वज एके काळी अख्ख्या फौजा पोसत होते.

सैन्य हे मुळातच वेगळं जग. तिथली शिस्त वेगळी, बोलणं वेगळं, बाहेरचा तो ‘सिव्हिलियन’. पण मोगलांच्या दख्खन मोहिमांत या जगाला खेटून बंजाऱ्यांच्या तांड्यांचं आणखी एक जग चालायचं, आणि मला तेच जास्त थक्क करतं. त्या जगाचं सगळं बळ लदणीच्या, म्हणजे पाठीवर ओझं वाहणाऱ्या बैलात होतं. गाडीला रस्ता लागतो. पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाला घाटातली पायवाट पुरते. शिवाय तो वाटेत चरतो, त्यामुळे वैरण वाहून न्यावी लागत नाही. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला उत्तर हिंदुस्थानात एक तांडा भेटला, त्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते! एकामागे एक चालले आणि प्रत्येकाला तीन मीटर जागा धरली, तर ही रांग ४२ किलोमीटरची होते.

पुढे चालायचा तो बालाजीला वाहिलेला बैल. त्याच्या पाठीवर ओझं नाही. गळ्यात घुंगरं, अंगावर कवड्यांच्या माळा आणि रेशमी गोंडे. तो थकून जिथे बसेल, तिथेच त्या दिवसाचा मुक्काम. मग गोण्या रचून कोट उभा राही आणि आत तांड्याच्या प्रमुखाचा, नायकाचा शब्द चाले.

दोन्ही बाजूंच्या फौजांना धान्य हवं असायचं, म्हणून तांडा लुटायला सहसा कुणी धजत नसे. आज लुटलं तर उद्या दाणा कोण आणणार? शहाजहानचा वजीर आसफ खान १६३०च्या सुमारास विजापूरवर निघाला, तेव्हा भंगी आणि जंगी या नायकांना ताम्रपट मिळाल्याचं तांड्यांत सांगत. बैलांसाठी रांजणातलं पाणी, छपराचं गवत, आणि वर दिवसाला तीन खून माफ! वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेजनं ही आठवण एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवली. ताम्रपटाचं खरं-खोटं काहीही असो, पण रसदीसाठी सत्ता कुठवर वाकते ते यात लख्ख दिसतं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याजवळच्या अडगावला भोसल्यांच्या फौजेला हरवणारा इंग्रज सेनानी वेलस्लीसुद्धा त्या मोहिमेत धान्यासाठी बंजाऱ्यांवर विसंबून होता.

१८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली आणि लदणीचा धंदा बसला. ज्या इंग्रजांच्या फौजा या लोकांनी जगवल्या, त्यांनीच पुढे अनेक तांड्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. ही कृतघ्नता मला आजही बोचते.

बैल गेले तरी बोली टिकली. राजस्थानी वळणाची गोरबोली मानोऱ्याच्या तांड्यात बोलतात, तशीच ती तेलंगण-कर्नाटकातही बोलतात. तिथून आलेला यात्रेकरू पोहरादेवीत तेलुगू-कन्नड बाजूला ठेवतो आणि थेट गोरबोलीत गप्पांना बसतो.