शेवटाकडून वाचायचे शब्द: लॅटिन क्रियापदाची ओळख

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये पाच प्राधिलेखांची, म्हणजे बातम्यांच्या भाषेत ‘रिट’ची, नावे आहेत: हेबियस कॉर्पस, मँडॅमस, प्रोहिबिशन, क्वो वॉरंटो आणि सर्शिओरारी. यांतल्या तीन नावांत लॅटिन क्रियापदे चालवलेल्या रूपातच गोठून राहिली आहेत. मँडॅमस म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’. हेबियस म्हणजे ‘तुझ्यापाशी असावे’. काय असावे, तर कॉर्पस, म्हणजे देह. ज्याने माणसाला अडकवून ठेवले आहे त्याला कोर्ट बजावते की त्या माणसाला सदेह आमच्यापुढे हजर कर. सर्शिओरारी म्हणजे ‘खात्रीशीर कळवले जाणे’. खालच्या न्यायालयात काय घडले ते वरच्या न्यायालयाला कळावे, हा त्यामागचा हेतू.

आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर पहिले रूप स्वार्थातले, दुसरे विध्यर्थातले आणि तिसरे कर्मणी. कर्ता कोण, काळ कोणता, बोलणाऱ्याचा कल काय, हे सारे लॅटिनमध्ये एकाच शब्दाच्या पोटात मावते. ते बाहेर कसे काढायचे, हे इथे टप्प्याटप्प्याने पाहू. उच्चारांबद्दल एवढेच, की कोर्टातले उच्चार इंग्रजी वळणाचे आहेत. प्राचीन रोमन माणूस मन्दामुस, हबेआस, केर्तिओरारी असे काहीसे म्हणाला असता. पुढे लॅटिन रूपे त्याच वळणाने लिहिली आहेत.

कर्ता शेवटच्या अक्षरात

लॅटिन क्रियापद हाती आले की आधी त्याचे टोक पाहावे. ‘ओ’ किंवा ‘म्’ असेल तर कर्ता ‘मी’. ‘स्’ असेल तर ‘तू’, ‘त्’ असेल तर ‘तो, ती किंवा ते’. अनेकवचनात ‘मुस’ म्हणजे ‘आम्ही’, ‘तिस’ म्हणजे ‘तुम्ही’ आणि ‘न्त’ म्हणजे ‘ते’. एवढ्या किल्लीवर ओळखीचे बरेच शब्द उघडतात. व्हेटो म्हणजे ‘मी मनाई करतो’. इग्नोरेमस म्हणजे ‘आम्हाला ठाऊक नाही’. एक्झिट म्हणजे ‘तो बाहेर जातो’, डेफिसिट म्हणजे ‘उणे पडते’, हॅबिटॅट म्हणजे ‘तो राहतो’.

संस्कृत शिकलेल्याला ही यादी परकी वाटणार नाही. मि, सि, ति, मस्, थ, अन्ति ही तिचीच भावंडे. अस्ति–सन्ति आणि लॅटिन एस्त–सुन्त शेजारी ठेवले की नाते उघड दिसते. १७८६ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचे साम्य मांडले, तेव्हा त्यांचा भर धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर होता. फ्रान्झ बॉप यांनी १८१६ मध्ये या भाषांच्या क्रियापदांची रूपे पद्धतशीर ताडून पाहिली. तौलनिक भाषाशास्त्राचा पाया असा क्रियापदांवर रचला गेला.

कर्ता टोकात असल्यामुळे सर्वनामाची गरज उरत नाही. मराठीतही ‘येतो हं’, ‘बसतेस का?’ एवढ्यावर भागते. ‘मी’साठी लॅटिनमध्ये ‘एगो’ आहे, पण तो ‘मी जातो, तू थांब’ अशा ठसक्याच्या जागी येतो. दोन फरक मात्र लक्षात ठेवावेत. ‘वेनित’ पुरुष येतो की बाई येते, हे लॅटिन सांगत नाही. आपण ‘येतो’ आणि ‘येते’ वेगळे ठेवतो. दुसरे, अभिजात लॅटिनमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. ‘तिस’ म्हणजे खरोखरच एकाहून अधिक माणसे. रोमन वक्ता सिसेरो सीझरला लिहितो तेव्हाही तो त्याला ‘अरे-तुरे’च करतो, आणि त्यात उद्धटपणा नसतो.

शब्दकोशातली चार रूपे

मराठी कोशात ‘करणे’, ‘जाणे’ असे सापडते. लॅटिन कोशात क्रियापद ‘मी’च्या रूपाखाली लावलेले असते आणि त्यापुढे आणखी तीन रूपे दिलेली असतात: अमो, अमारे, अमावी, अमातुम. म्हणजे ‘मी प्रेम करतो’, ‘प्रेम करणे’, ‘मी प्रेम केले’, आणि ‘प्रेम केलेला’ या अर्थाच्या धातुसाधिताचा साचा. विद्यार्थ्याला चारही पाठ करावी लागतात, कारण पहिल्यावरून तिसरे नेहमी ओळखता येत नाही. मित्तो (पाठवतो) याचे मीसी होते, अगो (करतो) याचे एगी, दो (देतो) याचे देदी. फेरो, म्हणजे ‘वाहून नेतो’, हा संस्कृत ‘भृ’चा आप्त, पण त्याची पुढची रूपे तुली आणि लातुम दुसऱ्याच धातूची आहेत. परदेशी माणसाला ‘जाणे’चे ‘गेला’ आणि ‘येणे’चे ‘आला’ शिकवताना आपलीही हीच अडचण होते.

या पाठांतराचा लाभ लॅटिनबाहेरही होतो. अगेरे–आक्तुम या जोडीतून एजंट आणि अ‍ॅक्ट, विदेरे–वीसुममधून व्हिडिओ आणि व्हिसा, फेर्रे–लातुममधून ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट असे शब्द निघाले. वरवर त्यांत काही साम्य दिसत नाही, पण ती एकाच क्रियापदाची दोन अंगे आहेत.

एक ‘एत’, तीन अर्थ

दुसरे रूप क्रियापदाचा गण सांगते. संस्कृतात दहा गण, लॅटिनमध्ये चार. पहिल्याचा शेवट ‘आरे’, चौथ्याचा ‘ईरे’. दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा शेवट देवनागरीत सारखाच ‘एरे’ दिसतो, पण दुसऱ्या गणात हा ए दीर्घ असतो, तिसऱ्यात ऱ्हस्व. त्यामुळे ‘मोनेरे’ म्हणताना जोर ‘ने’वर येतो आणि ‘दूकेरे’ म्हणताना ‘दू’वर.

हा फरक बारीक वाटतो, पण अर्थ त्यावरच ठरतो. मोनेत, अमेत, दूकेत ही तीन रूपे पाहा. तिघांच्याही शेवटी ‘एत’ आहे. मोनेत म्हणजे ‘तो बजावतो’, कारण दुसऱ्या गणाच्या वर्तमानकाळात ए असतोच. अमेत म्हणजे ‘त्याने प्रेम करावे’, कारण पहिल्या गणाचा मूळ स्वर आ आहे आणि तो बदलून ए झाला की विध्यर्थ होतो. दूकेत म्हणजे ‘तो नेईल’, कारण तिसऱ्या गणात भविष्यकाळ ए-ने होतो. गण माहीत नसेल तर यांतला कोणता अर्थ घ्यायचा हे कळायला मार्ग नाही.

विध्यर्थाचा नियम थोडक्यात असा: पहिल्या गणात आ-च्या जागी ए येतो, इतर गणांत आ येऊन बसतो. मुद्रितशोधक खोडलेला शब्द परत ठेवायचा असेल तर ‘स्टेट’ अशी खूण करतात. ‘उभे असणे’ या अर्थाच्या स्तारेचे ते विध्यर्थी रूप, ‘तसेच राहावे’. आपल्याला न ऐकता आदेश होऊ नये म्हणून वकील कॅव्हेट दाखल करतात. ती दुसऱ्या गणातली कवेओची विध्यर्थी छटा, ‘त्याने सावध राहावे’. हेबियसमधला आ-ही त्याच जातीचा. भविष्यकाळासाठी पहिल्या दोन गणांत ‘बो’ लागतो, आणि औषधाच्या चाचण्यांतले प्लासिबो हे त्याचे ठळक उदाहरण: ‘मी आवडेन’.

संपलेले आणि न संपलेले

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या वारो या रोमन पंडिताने लॅटिन क्रियापदाचे दोन भाग पाडले, अपूर्ण आणि पूर्ण. प्रत्येक भागात तीन काळ. ‘अम्बुलात’ म्हणजे ‘चालतो’ आणि ‘चालत आहे’ दोन्ही. आपला फरक लॅटिन करत नाही. ‘अम्बुलाबात’मधला ‘बा’ न संपलेला भूतकाळ दाखवतो: चालत होता, चालायचा. आपला रीतिभूतकाळ, ‘तो रोज नदीवर जाई’, याच्या अगदी जवळ आहे. ‘अम्बुलावित’ म्हणजे चालला, आणि चालणे पुरे झाले. कोर्टातले अ‍ॅफिडेव्हिट हेही मध्ययुगीन लॅटिनमधले असेच पूर्ण रूप, ‘त्याने शपथेवर सांगितले’.

पूर्ण काळाची धार किती असू शकते, हे एका प्रसंगातून कळते. ख्रिस्तपूर्व ६३ च्या ५ डिसेंबरला रोममध्ये सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनच्या कटातल्या पाच जणांना कैदखान्यात मारण्यात आले. बाहेर येऊन सिसेरोने जमलेल्या लोकांना सांगितले ते एका क्रियापदात: ‘विक्सेरुन्त’, म्हणजे ‘ते जगले’. जगणे पूर्ण झाले, आता काही उरले नाही. मृत्यूचे नावही न घेता काळानेच बातमी दिली.

काही क्रियापदांत हाच काळ वर्तमानाचा अर्थ देतो. ‘नोवी’ म्हणजे शब्दशः ‘मी ओळख करून घेतली’, आणि वापरात ‘मला माहीत आहे’. मराठी माणूस ‘दमलो’ म्हणतो तेव्हा तो आत्ताच्या थकव्याबद्दल बोलत असतो. तसेच हे.

‘मला’ची क्रियापदे

शेवटी ‘र’ दिसला की सहसा कर्मणी: लौदात, ‘तो स्तुती करतो’, लौदातुर, ‘त्याची स्तुती केली जाते’. पण लोक्वोर (बोलतो), सेक्वोर (मागे जातो) अशी काही क्रियापदे रूपाने कर्मणी असून अर्थाने कर्तरी असतात. संस्कृतातले आत्मनेपद आठवले की याचे नवल वाटत नाही.

मराठी वाचकाला इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्यापेक्षा एका ठिकाणी निश्चित सोपे जाते. ‘मला आवडते’ हे लॅटिनमध्ये ‘मिही प्लाकेत’. मिही म्हणजे ‘मला’, थेट चतुर्थी. ‘मला दोन भाऊ आहेत’ याची रचनाही तीच, मिही सुन्त. ‘मला हे करायचे आहे’ हे तर शब्दागणिक जुळते: ‘होक मिही फाकिएन्दुम एस्त’. यातले ‘एन्दुम’ म्हणजे ‘करावयाचे’. अजेंडा म्हणजे करावयाच्या गोष्टी, मेमोरँडम म्हणजे लक्षात ठेवावयाचे.

मात्र प्रत्येक क्रियापदाची विभक्तीची आवड निराळी आणि ती पाठच करावी लागते. विश्वास ठेवणे, आज्ञा पाळणे, इजा करणे यांच्या कर्माला लॅटिनमध्ये चतुर्थी लागते. वापरणे या अर्थाच्या ऊतोरला तृतीया-पंचमीसारखी एक विभक्ती लागते. ‘लाज वाटते’ याच्या ‘पुदेत’ला मात्र लाजणारा माणूस द्वितीयेत लागतो.

अर्थ शेजाऱ्यावरून

अगो या क्रियापदाचा अर्थ कोशात ‘हाकणे, करणे’ असा सापडेल. पण बैलांबरोबर ते हाकणे, आयुष्याबरोबर घालवणे, नाटकाबरोबर भूमिका करणे, खटल्याबरोबर बाजू मांडणे आणि आभारांबरोबर मानणे होते. आपण ‘काढणे’ असेच वापरतो: चित्र काढणे, कर्ज काढणे, दिवस काढणे, खोडी काढणे. लॅटिन वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत कर्म वाचून झालेले असते. अर्थ निवडायला ते कर्मच मदत करते.

उपसर्ग दुसरी दिशा देतात. संस्कृतातल्या ‘हृ’पासून आहार, विहार, प्रहार, संहार झाले, तसे फेरोपासून रेफेरो (परत आणतो), देफेरो (खाली नेतो), ओफ्फेरो (पुढे करतो). उपसर्ग लागताना आवाजही बदलतो. फाकिओचे कोन्फिकिओ होते, आद-फेरोचे अफ्फेरो.

आता एक लांब रूप सोडवू: ट्रान्सफेरेबान्तुर. शेवटी ‘उर’, म्हणजे कर्मणी. त्याआधी ‘न्त’, म्हणजे ते. त्याआधी ‘बा’, न संपलेला भूतकाळ. मग ‘फेरे’, वाहून नेणे, आणि अगदी पुढे ‘ट्रान्स’, पलीकडे. जुळवले की ‘ते पलीकडे नेले जात होते’.

नवशिक्याला वाटते की कोश हाताशी असला म्हणजे झाले. पण हे रूप कोशात ‘ट्रान्सफेरो’ या नोंदीखाली आहे, आणि ‘अल्लातुस’ (आणलेला) शोधायचा असेल तर ‘अफ्फेरो’ उघडावे लागते. दोन शब्दांत एक ‘अ’ सोडला तर सारखे काहीच नाही. म्हणून लॅटिनचे शिक्षक चार रूपांच्या पाठांतरावर अडून बसतात. क्रियापद सोडवता आल्यावरच कोशाचे नेमके पान सापडते.