पाचोळ्यातला कार्बन

सिग्नलला थांबलेल्या गाडीचे इंजिन आपोआप बंद होते आणि निघताना पुन्हा सुरू होते, तेव्हा बॅटरीवर एकदम मोठा भार पडतो. ब्रेक दाबल्यावर परत मिळणारी वीजही काही सेकंदांतच साठवावी लागते. अशा घाईच्या कामाला सुपरकपॅसिटर उत्तम. त्यात आयन कार्बनच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि निघून जातात. रासायनिक बदल जवळजवळ होतच नसल्याने तो लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो.

म्हणजे सगळा खेळ पृष्ठभागाचा. बाजारातला कार्बन बहुतेक नारळाच्या करवंटीचा असतो. त्याला सूक्ष्म छिद्रे पाडण्यासाठी वाफेची किंवा अल्कलीची वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि तिथे खर्च वाढतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी ही पायरीच वगळली. कडुनिंबाची गळलेली पाने दळून त्यांनी ती पूड हवेविना तापवली, बस्स! छिद्रे पाडण्याचे काम पानातल्याच मऊ सेंद्रिय द्रव्यांनी आणि धातूंनी केले, असे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडले. एका ग्रॅम कार्बनला सुमारे १,२३० चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला. चिमूटभर भुकटीत बारा गुंठे जमीन! अशोकाची पानेही त्यांनी तपासली आणि पान बदलले की कार्बनही बदलतो, हे दाखवले. मला या कामातली हीच सर्वांत मोलाची नोंद वाटते, कारण दर वेळी सारखाच कार्बन मिळवणे हीच कारखान्याची खरी अडचण आहे.

गंधकाम्लात या कार्बनची धारकता ग्रॅमला ४०० फॅरड भरली, सेंद्रिय द्रावणात मात्र ८८. गाडीसाठी सहसा सेंद्रिय द्रावणच वापरतात, कारण त्यात प्रत्येक सेलला अडीच व्होल्टपेक्षा जास्त दाब मिळतो; गंधकाम्लासारख्या पाण्याच्या द्रावणात तो एका व्होल्टच्या आसपास अडतो. शिवाय भुकटी म्हणजे इलेक्ट्रोड नव्हे. तिच्यात वीजवाहक काजळी आणि बंधक मिसळून तो लगदा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सारख्या जाडीने चढवायचा, ओलावा पूर्ण काढायचा आणि हजारावा तुकडा पहिल्यासारखाच निघायला हवा.

हे शेवटचे काम प्रयोगशाळेचे नाही. ते पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांचे आहे. मायक्रॉनचा हिशेब इथल्या कामगारांच्या हातात आहे. इथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन लेप चढवण्याची एक छोटी सामायिक लाइन उभारावी आणि पुण्यातल्या संशोधकांना तिथे भुकटी घेऊन बोलवावे.